काजू बाधला, मग चारोळीचं काय? तपासणी, औषध आणि खर्चाचा हिशेब

ॲड्रेनालिनची एक मिलीलीटरची काचेची कुपी मेडिकलमध्ये साधारण वीस-पंचवीस रुपयांच्या आत मिळते. खासगी लॅबमधली ‘फूड ॲलर्जी पॅनल’ नावाची तपासणी तीन हजारांपासून सुरू होते आणि दहा-बारा हजारांवर जाते. काजूकतली खाऊन ज्या लेकराच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, त्याच्या घरी बहुतेक वेळा ही महागडी तपासणी आधी होते आणि ती कुपी घरात येतच नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्यासारख्या गावात राहणाऱ्या कुटुंबाने पैसा कुठे घालावा, कुठे अजिबात घालू नये आणि कोणत्या पदार्थाचं कोणाशी नातं आहे, ते इथे सांगतो. खासगी दर अंदाजे आहेत. लॅबनुसार आणि शहरानुसार ते बदलतात, म्हणून रक्त देण्याआधी फोनवर दर विचारून घ्या.

आधी दिलासा देणारी गोष्ट. खाण्याची खरी ॲलर्जी आपल्याकडे फार कमी मुलांना असते. शाळकरी मुलांवरचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतातली मुलं कर्नाटकातली होती आणि त्यांच्यात अन्नाच्या ॲलर्जीचं प्रमाण ०.१४ टक्के निघालं. हाँगकाँगमध्ये ते दीड टक्का होतं. पण त्याच प्रकल्पात बंगळूर-म्हैसूरच्या प्रौढांचं रक्त तपासलं, तेव्हा २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या खाद्यपदार्थाविरुद्धचं आयजीई सापडलं. ॲलर्जीच्या झटक्याला कारण होणारं प्रतिद्रव्य ते हेच. तरी खाल्ल्यावर खरोखर त्रास होण्याची शक्यता धरता येईल असे लोक त्यांत १.२ टक्केच होते. म्हणजे अहवालात ‘पॉझिटिव्ह’ आलेल्यांपैकी बहुतेकजण तो पदार्थ सुखाने खात होते. पॅनलवर पैसे का घालू नयेत, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. शंभर पदार्थ तपासले की पाच-सात लाल रंगात छापून येणारच. मग आई दूध बंद करते, गहू बंद करते, तूरडाळ बंद करते, आणि लेकरू वाळायला लागतं. ज्या जिल्ह्यात अंगणवाडीताई दर महिन्याला मुलांची वजनं लिहितात, तिथे हा अहवाल ॲलर्जीपेक्षा जास्त नुकसान करू शकतो.

नात्यातले आणि बिननात्यातले

काजू, पिस्ता, चारोळी, बिब्बा आणि आंबा ही पाचही झाडं एकाच कुळातली आहेत. शहरातल्या डॉक्टरांच्या छापील यादीत काजू-पिस्ता असतात. चारोळी आणि गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतली बी, तिथे सहसा नसतात, कारण त्या याद्या परदेशातून आलेल्या. आपल्याकडे मात्र नागझिऱ्याच्या बाजूला, देवरी-सालेकशाच्या जंगलात चाराची, म्हणजे चारोळीची झाडं आहेत. उन्हाळ्यात पोरं चारं तोंडात टाकतात, वरचा गर चोखतात आणि कधी कधी बी फोडूनही खातात. चारोळी बासुंदीत जाते, खिरीत जाते, कोजागिरीच्या दुधात जाते. गोडंबी बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात जाते.

काजूची ॲलर्जी पक्की असेल तर पिस्ताही बंद. या दोघांची बीजप्रथिनं इतकी सारखी असतात की एकावर उठणारं शरीर बहुतेक वेळा दुसऱ्यावरही उठतं. पिस्ता बाधतो त्याला काजू बाधण्याची शक्यता तर आणखी जास्त. चारोळी आणि गोडंबीवर एवढा अभ्यास झालेला नाही, पण कूळ एकच. म्हणून डॉक्टरांनी तपासून ‘चालेल’ म्हणेपर्यंत या दोन्ही काजूच्याच समजा. भाजल्याने किंवा तळल्याने ही प्रथिनं निष्प्रभ होत नाहीत. त्यामुळे ‘खमंग भाजून घातलीय, काही होत नाही’ हे आजीचं म्हणणं इथे लागू पडत नाही.

आंब्याचा गर मात्र काजू बाधणारी बहुतेक मुलं खुशाल खातात. आधी खात असेल तर उगाच बंद करू नका. आंब्याचा चीक लागून तोंडाभोवती चट्टे येतात, ते वेगळं प्रकरण. तसंच बिब्बा उतणं वेगळं. बिब्ब्याच्या सालीतलं काळं तेल लागलं की एक-दोन दिवसांनी कातडी लाल होते, फोड येतात, खाज सुटते. काजूच्या टरफलातलं तेलही तसंच. हा कातडीचा दाह असतो. त्याने घसा बंद होत नाही, रक्तदाब पडत नाही. जी ॲलर्जी जिवावर बेतते ती खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर येते. डॉक्टरांना सांगताना ‘काजूची ॲलर्जी आहे’ एवढ्यावर थांबू नका. चीक लागला होता की गर खाल्ला होता, आणि किती वेळाने झालं, हे सांगा. या एका वाक्यावर पुढचा हजारोंचा खर्च ठरतो.

दुसरी जोडी अक्रोड आणि पेकनची. पेकन गावात मिळत नाही, पण शहरातल्या केकमध्ये असतो. बदाम वेगळ्या कुळातला, पीच आणि जर्दाळूचा भाऊबंद. काजू बाधला म्हणून बदाम बाधेलच असं नाही. हेझलनटही वेगळं आणि ते बहुतेक वेळा चॉकलेटच्या पसरायच्या क्रीममधून पोटात जातं.

शेंगदाणा हा नटच नाही. तो तूर, हरभरा आणि आपल्या लाखोळीच्या कुळातला. तरीही शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना काजू-अक्रोडाचीही असते, म्हणून डॉक्टर दोन्ही विचारतात. मूल आजवर शेंगदाण्याची चटणी, चिक्की, कूट मजेत खात असेल तर काजूच्या भीतीने ते बंद करू नका. नारळालाही घाबरायचं कारण नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये नारळ नटच्या यादीतून काढला. तळ्यातला शिंगाडा, मखाणा आणि जायफळ यांचं काजूशी काहीच नातं नाही. शिंगाड्याला इंग्रजीत नट म्हणतात एवढ्यावरून तो बंद केलेली घरं आहेत, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण गोंदियाच्या तळ्यांतला उकडलेला शिंगाडा म्हणजे स्वस्तातला उत्तम खाऊ आहे.

तपासणीचा क्रम, आणि प्रत्येक पायरीचा दर

पहिली पायरी फुकट आहे, आणि तिच्याइतकी उपयोगाची तपासणी दुसरी नाही. एक वही घ्या. काय खाल्लं, किती खाल्लं, किती मिनिटांनी काय दिसलं, किती वेळात गेलं, कोणतं औषध दिलं आणि तोच पदार्थ आधी कधी खाल्ला होता का, हे लिहा. गांधी उठल्या असतील तर मोबाइलवर फोटो काढा. डॉक्टरांपर्यंत पोहोचेस्तोवर त्या विरून गेलेल्या असतात. मिठाई पाकिटातली असेल तर पाकीट जपून ठेवा.

दुसरी पायरी दवनीवाड्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून औषधापर्यंत पैसे लागत नाहीत. इथे आयजीईची तपासणी होणार नाही, ती अपेक्षाही ठेवू नका. इथून दोन गोष्टी घ्या: वहीतली हकिकत केसपेपरवर लिहून, आणि गोंदियासाठी चिठ्ठी. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. त्यांच्या डॉक्टरांनाही सांगा, म्हणजे मुलाच्या नोंदीत ते राहील.

तिसरी पायरी गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. २०१६ साली ते सुरू झालं, पण लोक अजून केटीएसच म्हणतात. तिथल्या बालरोग विभागात खर्च नाममात्र. खासगी बालरोगतज्ज्ञ गोंदियात साधारण दोनशे ते पाचशे रुपये घेतात. बऱ्याच मुलांची गोष्ट इथेच संपते. हकिकत ऐकून डॉक्टर म्हणतात, हे काजूमुळे नाही, तापाबरोबरचं पित्त आहे. असं झालं तर पुढचे सगळे पैसे वाचले.

हकिकत काजूकडेच बोट दाखवत असेल तर रक्ताची तपासणी. एका पदार्थाच्या स्पेसिफिक आयजीईला खासगी लॅबमध्ये साधारण नऊशे ते अठराशे रुपये पडतात. काजू आणि पिस्ता, फार तर अक्रोड, एवढंच सांगा. लॅबवाला म्हणेल, ‘ताई, थोडे पैसे वाढवले की चाळीस पदार्थ होतात.’ वाढवू नका. नुसती ‘टोटल आयजीई’ही करू नका. जंत, दमा, इसब यांपैकी काहीही असलं तरी ती वाढलेली असते आणि काजूबद्दल ती काहीच सांगत नाही. रक्त गोंदियात घेतात, पण नमुना बहुधा बाहेर जातो, त्यामुळे अहवालाला काही दिवस लागतात.

कातडीवर टोचून करायची तपासणी, म्हणजे स्किन प्रिक, यासाठी नागपूर गाठावं लागतं. खासगी दर साधारण दोन ते पाच हजार. हिचे दोन नियम आहेत. पाच-सात दिवस आधी सेट्रिझिनसारखं खाजेचं औषध बंद हवं, नाहीतर तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येते आणि तिकिटाचे पैसे वाया जातात. दुसरा नियम खास आपल्यासाठी: जाताना पुडीत घरातली चारोळी आणि गोडंबी न्या. लॅबच्या यादीत यांची तयार तपासणी सहसा नसते. पण डॉक्टर आधी त्या बीला सुई टोचून मग तीच सुई हातावर टोचू शकतात. फोनवर आधी विचारून घ्या की हे तिथे करतात का.

गोंदिया-नागपूर रेल्वेचं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या वर, जनरल डब्याचं तिकीट माणशी शंभराच्या आत. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही सरकारी संस्था आहेत. खासगी ॲलर्जीतज्ज्ञाची फी पाचशे ते बाराशे. सगळं खासगीत केलं, दोघांचं जाणं-येणं आणि ऑटो धरला, तर साधारण पाच ते बारा हजारांत काम होतं. सरकारी वाटेने गेलात तर मुख्य खर्च प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजीचा. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड असेल तर ते जवळ ठेवा, पण ते भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. बाहेरून केलेल्या रक्ताच्या तपासणीचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

शेवटची आणि खात्रीची परीक्षा म्हणजे डॉक्टरांसमोर तो पदार्थ थेंबाथेंबाने, कणाकणाने खाऊ घालून पाहणं. हिचा खर्चही हजारांत जातो आणि ती मोठ्या रुग्णालयातच करतात. ‘घरीच थोडासा काजू देऊन बघू’ ही तिची नक्कल कधीच करू नका.

आणि एक तपासणी पूर्ण टाळा. ‘फूड इनटॉलरन्स’ म्हणून आयजीजी मोजणारी, पाच ते वीस हजारांची. आयजीजी हे तो पदार्थ पोटात गेल्याचं लक्षण आहे, बाधल्याचं नव्हे. अमेरिका आणि युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ती करू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. केस पाठवून करायच्या तपासण्यांबद्दल तर बोलायलाच नको.

शंभर रुपयांचा डबा

तपासणी पक्की झाली की घरात काय ठेवायचं? परदेशात पेनसारखं ॲड्रेनालिनचं तयार इंजेक्शन मिळतं. आपल्याकडे ते दुकानात सहज मिळत नाही, बाहेरून मागवलं तर हजारांत जातं. म्हणून इथले डॉक्टर कुपी आणि सिरिंज लिहून देतात. दोन कुप्या, दोन एक-मिलीलीटरच्या सिरिंज, एक इंच लांबीच्या सुया आणि थोडा कापूस: सगळं शंभर रुपयांच्या आसपास. चिठ्ठी मात्र लागते, आणि चिठ्ठीवर मुलाच्या वजनाचा आकडा हवा.

मात्रा किलोमागे ०.०१ मिलीलीटर. म्हणजे पंधरा किलोच्या पोराला ०.१५, वीस किलोच्याला ०.२, आणि लहान मुलांना एका वेळी ०.३ च्या वर नाही. सिरिंजवर ही रेघ इतकी बारीक असते की घाबरलेल्या माणसाला ती दिसत नाही. म्हणून डॉक्टरांसमोरच ती रेघ पक्क्या मार्करने आखून घ्या आणि पाणी भरून दोनदा सराव करा. कुपीची मान तोडताना बोट कापतं, कापूस गुंडाळून तोडा. इन्सुलिनची सिरिंज चालवून घेऊ नका. तिच्यावर मिलीलीटर नसतात, युनिट असतात, आणि सुई इतकी छोटी की औषध स्नायूपर्यंत पोहोचत नाही. टोचायचं मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूला. कुपी उन्हापासून दूर ठेवा. गोंदियाच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या फळीवर किंवा दुचाकीच्या डिकीत ती खराब होते. पाणी गुलाबी किंवा तपकिरी दिसलं की फेका.

केव्हा टोचायचं? खाल्ल्यानंतर अंगावर गांधी आहेत आणि सोबत उलट्या, खोकला किंवा धाप आहे. किंवा गांधी नसतील, पण आवाज बसला, श्वास घरघरतोय, मूल एकदम मलूल होऊन पडलं. अशा वेळी सेट्रिझिन पाजून वाट बघत बसू नका. त्या साठ रुपयांच्या बाटलीने खाज थांबते, घसा उघडत नाही. टोचा, मुलाला आडवं करा, पाय उचलून धरा. धाप असेल तर टेकवून बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. १०८ ला फोन करा. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे, फुकट आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. पाच ते पंधरा मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरी कुपी. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबा, कारण झटका उलटून येऊ शकतो.

गाडीची वाट बघताना उपयोगी पडणारी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. लसीकरणाच्या दिवशी एएनएम सिस्टरकडे जो ॲनाफिलॅक्सिसचा डबा असतो, त्यात हेच असतं: ॲड्रेनालिनच्या तीन कुप्या, सिरिंज, एक इंची सुया आणि वयानुसार मात्रेचा तक्ता. तो लशीनंतरच्या झटक्यासाठी आहे, पण औषध तेच आहे आणि ते द्यायचं शिक्षण तिला मिळालेलं आहे. तुमच्या उपकेंद्राच्या सिस्टरला आणि आशाताईला आजच मुलाचं नाव, वजन आणि काजूची गोष्ट सांगून ठेवा. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून ‘अशा वेळी द्यावं’ असं केसपेपरवर लिहून घेतलं तर सिस्टरचाही हात अडत नाही.

बाजार, पंगत, शाळा

पाकीटबंद पदार्थावर २०२० च्या लेबल नियमांनुसार नट, शेंगदाणा, दूध, अंडं, गहू, सोया वगैरे असल्याचं लिहावं लागतं. ‘कन्टेन्स’ या शब्दापुढे बघा, आणि ‘मे कन्टेन’ असेल तरी परत ठेवा. भारताच्या या यादीत तीळ नाही, हे तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सुट्या मिठाईला असं लेबल नसतं. काउंटरवर एकाच चिमट्याने काजूकतली उचलतात आणि त्याच चिमट्याने पेढा. सुरी तीच, ताट तेच. पेढ्यावरचा हिरवा काप पिस्त्याचा असेलच असं नाही, रंगवलेला शेंगदाणाही असतो. म्हणून पिस्ता बाधणाऱ्याने आणि शेंगदाणा बाधणाऱ्यानेही सुटी मिठाई सोडलेली बरी. घरी केलेला रव्याचा लाडू स्वस्तही पडतो. चारोळीऐवजी मगज किंवा भोपळ्याच्या बिया घाला. चारोळीचा किलोचा भाव काजूच्याही वर गेलाय, तेव्हा हा बदल खिशाला सुखाचाच आहे. काजू-बदाम खाल्ले नाहीत म्हणून मूल अशक्त राहात नाही. डाळ, अंडं, दूध आणि चालत असेल तर शेंगदाणा-जवस यांतून ते सगळं मिळतं.

लग्नाच्या जेवणात नुसतं गोड टाळून भागत नाही. ढाब्याच्या आणि केटररच्या पनीरच्या पांढऱ्या-पिवळ्या रश्शात काजूची पेस्ट असते. आचाऱ्याला थेट विचारा, वाढणाऱ्या पोराला विचारून उपयोग नाही. तान्ह्या पोळ्याला मूल घरोघर बैल घेऊन जाणार आणि प्रत्येक दारात हातावर खाऊ पडणार. ‘घरी आणून दाखव, मग खा’ एवढं चार वर्षांच्या मुलालाही शिकवता येतं. जमलं तर शेजारच्या आठ-दहा घरांना आधीच सांगा, त्या घरांतून बोजाऱ्याची नाणी मिळाली तरी पोर खूश.

शाळेत मुख्याध्यापकांना एक पानी चिठ्ठी द्या: मुलाचा फोटो, काय बाधतं, काय दिसलं की काय करायचं, दोन फोन नंबर आणि सोबत डबा. रोजच्या खिचडीत काजू नसतो. धोका वाढदिवसाच्या चॉकलेटचा आणि राष्ट्रीय सणांच्या मिठाईचा. धाकट्या भावंडाला काजू देण्याआधी तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. सरसकट गरज नसते. तीव्र कुपोषित बाळांना काही ठिकाणी दिली जाणारी पाकिटातली पेस्ट शेंगदाण्याची असते, त्यामुळे शेंगदाणा बाधलेलं बाळ त्या कार्यक्रमात असेल तर सिस्टरला आधी सांगा.

नटची ॲलर्जी वाढत्या वयात दहातल्या साधारण एकाच मुलाची जाते. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणीचे पैसे भरू नका. दोन-तीन वर्षांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा, फक्त काजूचं एक आयजीई पुन्हा करा. डब्यातल्या कुपीची तारीख मात्र दर पोळ्याला आणि दर होळीला बघा, आणि त्याच वेळी मुलाचं वजन करून सिरिंजवरची रेघ डॉक्टरांकडून पुढे सरकवून घ्या.